अडचणींचा रतीब

परीक्षा विभागाला स्वतःचा एक वास असतो. ओला डिंक, यंत्रातून नुकताच बाहेर पडलेला कोमट कागद आणि दुपारी उघडलेल्या डब्यांतली लसणाची चटणी, असा तो तिपेडी वास. निवृत्त होऊन वर्तकनगरच्या घरी बसले, तरी अजूनही एखादा कोमट कागद हाताला लागला की छातीत उगाच धडधडते. कवितेने मला गंधांची नावे शिकवली. नोकरीने त्यांतल्या एका गंधाला घाबरायला शिकवले.

विद्यापीठ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे प्राध्यापक येतात, विद्यार्थी येतात, पदवीदान समारंभातले झगे येतात. या सगळ्यांच्या मधल्या फटीत आम्ही राहतो. वेळापत्रक लावणे, आसनक्रमांक देणे, ठाण्यापासून पार आडगावच्या महाविद्यालयांपर्यंत प्रश्नपत्रिका पोचवणे, उत्तरपत्रिका तपासून घेणे आणि निकाल लावणे, हे आमचे काम. परीक्षा सुरळीत पार पडली, तर ती आपोआप पार पडलेली असते. बिघडली, तर ती आम्ही बिघडवलेली असते. या एका वाक्यात आमच्या रक्तदाबाची सर्व मीमांसा आली.

मी त्या विभागाची उपकुलसचिव होते. एके दिवशी कुलसचिव सरांनी मला बोलावून विचारले, “मॅडम, तुम्ही कविता लिहिता ना?”

कार्यालयात या प्रश्नाचा शेवट कधीच चांगला होत नाही. या एका प्रश्नापायी मी निरोपसमारंभांची भाषणे लिहिली होती, रांगोळीवर देखरेख केली होती आणि पाण्याच्या टाकीवर लावायची ‘नळ बंद करा’ ही सूचना तीन वेळा सुधारून दिली होती. मी सावधपणे म्हटले, “पूर्वी लिहीत होते.”

“मग मनाचं खातं तुम्हीच बघा. मूल्यांकन समिती येणार आहे. कर्मचाऱ्यांच्या ताणतणावासाठी आपण काय करतो, असं ते विचारतात.”

“काय करतो आपण, सर?”

“तेच तुम्ही बघायचंय.”

असा आमचा ‘कर्मचारी स्वास्थ्य कक्ष’ जन्माला आला. कक्ष म्हणजे माझ्या टेबलाचा खालचा कप्पा. पहिला उपक्रम म्हणून बाहेरून एक व्याख्याते बोलावले. चंदनाच्या अत्तराचा घमघमाट असलेले ते गृहस्थ म्हणाले, “डोळे मिटा, आणि मनात जे येईल ते येऊ द्या.” सभागृहात पंख्यांची घरघर तेवढी उरली. पुढच्याच क्षणी आमचे कक्ष अधिकारी म्हात्रे साहेब उठून उभे राहिले.

“काय आलं मनात?” व्याख्यात्यांनी कौतुकाने विचारले.

“बी.कॉम. आलं. पाचवं सत्र. बघून येतो,” म्हणून ते निघून गेले.

म्हात्रे साहेब डोंबिवलीजवळच्या एका आगरी गावातले. उंचपुरे, खाऱ्या वाऱ्यात वाढलेल्या माणसाचा तांबूस रापलेला रंग, आणि आवाज असा, की कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या विद्यार्थ्याच्या हातातला अर्ज आपोआप सरळ व्हावा. प्राचार्य मंडळी त्यांना फोन करताना आधी घसा खाकरून घेत. त्यांच्या समोरच्या टेबलावर परेरा बाई बसत. ठाण्याच्या किनाऱ्यावरच्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबातल्या, मनगटावर नाजूक घड्याळ, जिभेवर मिठागर. दोघांचे दिवसातून निदान एकदा कडाक्याचे भांडण होई. ज्या दिवशी होत नसे, त्या दिवशी आम्हाला कोणाच्या तरी प्रकृतीची शंका येई.

कक्षाचा दुसरा उपक्रम म्हणजे रक्तदाब मोजण्याचे यंत्र. ते चालवण्याचा मान परेरा बाईंनी स्वतःकडे घेतला. म्हात्रे साहेबांच्या दंडाला पट्टा बांधला, यंत्र कण्हत कण्हत फुगले, आणि आकडा पाहून बाई म्हणाल्या, “मशीन बिघडलं.” त्यांनी स्वतःचा दाब मोजला, ठीक. माझा मोजला, थोडा जास्त पण सभ्य. पुन्हा साहेबांचा मोजला, तर मघापेक्षाही वर.

“नवीन मशीन हाय,” साहेब बाही खाली ओढत म्हणाले, “तिला माझी सवय नाय.”

डोंबिवलीच्या त्यांच्या डॉक्टरांनाही ती सवय नव्हती. त्यांनी मला फोनवर स्वच्छ सांगितले, “हा माणूस असाच खुर्चीत बसून राहिला, तर एक दिवस खुर्चीतच राहील. परीक्षा संपेपर्यंत कामावर येता कामा नये.”

मी रजेचा विषय काढला, तेव्हा साहेब माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहत राहिले. “मॅडम, परीक्षेच्या टायमाला रजा? नवरदेव लग्नातून रजेवर जातो काय?”

“जाईल,” परेरा बाई समोरून म्हणाल्या, “नवरी बघितली तर.”

अखेर कुलसचिव सरांनी अधिकार वापरला. रजा मंजूर झाली आणि सोबत तोंडी हुकूमही निघाला, की म्हात्र्यांना कोणीही फोन करायचा नाही. साहेब एकटे राहणारे. म्हणून त्यांची धाकटी बहीण सुमनताई त्यांना खडवलीला आपल्या घरी घेऊन गेली. जाताना तेच रक्तदाबाचे यंत्र मी तिच्या पिशवीत घातले. नदीकाठचे गाव, गर्द झाडी, शेणाने सारवलेले अंगण. मी मनाने तिथे एक कविताही करून ठेवली.

आठवड्याच्या आत सुमनताईंचा फोन आला.

“मॅडम, तुमच्यातल्या कुनीतरी दादूसला फोन करा हो.”

“का? काय झालं?”

“बीपी वाढलाय. रातचा झोपत नाय. दिवसभर फोन हातात घेऊन बसतो. वाजत नाय म्हनून बघतो बिघडला काय, मंग मनाच सांगतो, तुझ्या फोनवरनं लावून बघ.” ती आवाज खाली आणत म्हणाली, “आनि कोंबड्यांच्या पायाला दोरे बांधलेत. रंगीत. सांजच्याला हजेरी घेतो. काल एक गैरहजर होती, तर जेवला नाय.”

मी फोन ठेवला तेव्हा अख्खा विभाग माझ्याकडे पाहत होता. शांततेने माणसाची नाडी उतरते, हा आमच्या कक्षाचा पाया होता. इथे शांतताच त्यांना चढली होती. इतकी वर्षे ज्याच्या कानाशी सतत कोणीतरी ‘साहेब, आता काय करू’ म्हणत आले, त्याला अचानक कोणी काही विचारीनासे झाले, तर त्याने नदीकडे पाहून काय करायचे? मला नदी सुंदर वाटते, कारण ती मला काही विचारत नाही. त्यांना ती नेमकी त्याच कारणासाठी नकोशी झाली असणार.

परेरा बाईंनी टेबलावर पेन ठोकले. “त्याला थोडं टेन्शन दिलं पाहिजे. जास्त नाही. गोळीसारखं. एक सकाळी, एक संध्याकाळी.”

पण खरी अडचण सांगावी, तर हा माणूस चपला घालून निघणार. आणि डॉक्टरांनी सांगितलेले ते वाक्य आम्हा सगळ्यांच्या मानेवर बसलेले. म्हणून ठरले, की अडचण बनवायची. साहेबांवाचून अडले आहे असे वाटावे इतकी मोठी, आणि साहेबांना निघावेसे वाटू नये इतकी लहान. मी आयुष्यभर वृत्तात लिहिण्याची धडपड केली. मात्रा मोजल्या, यती सांभाळले. सांगते, त्यापेक्षा हे काम अवघड होते.

पहिला प्रयत्न परेरा बाईंनी केला. “साहेब, मोठा शिक्का सापडत नाही.” पलीकडून फोन ठेवल्याचाच आवाज आला. थोड्याच वेळाने सुमनताई धापा टाकत फोनवर, “काय सांगितलात? पँट घालून पायरीवर बसलाय, रिक्षा बोलव म्हनतो.” शिक्का तत्काळ सापडवावा लागला. संध्याकाळी आमच्यातल्या एकाने उपाय म्हणून ‘पंखा आवाज करतो’ असे कळवले, तर साहेबांचा अपमान झाला. “ह्याच्यासाठी मना फोन? वायरमन मेला काय?”

हळूहळू हात बसला. सर्वांत उत्तम अडचण ती, जिच्यात साहेबांना निवाडा करता येईल, हे आमच्या ध्यानात आले. मग रतीब सुरू झाला. सकाळी अकराच्या सुमारास सगळे माझ्या टेबलाभोवती जमत, आज काय द्यायचे यावर खल होई, आणि ज्याची अडचण निवडली जाई, त्यानेच फोन करायचा. फोन स्पीकरवर, आणि बाकीच्यांनी हसू दाबायला तोंडात पदर, रुमाल, जे असेल ते कोंबायचे.

“साहेब, माजिवड्याच्या एका केंद्रावर पर्यवेक्षक बाई परीक्षा चालू असताना स्वेटर विणतात. चालेल का?” एवढे परेरा बाईंनी विचारले, आणि पलीकडे खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज आला. मागे कोंबडा आरवला.

“लोकर चालेल,” साहेब सावकाश म्हणाले. “सुया नाय चालनार.”

“सुयांशिवाय विणणार कशी?”

“तो तिचा प्रश्न. सुयांचा आवाज येतो. पोरांचं ध्यान जातं. बाई, तुम्हाला इतकी वर्षं नोकरीत हे कळू नये?”

“कळलं असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं?”

“म्हनूनच इचारता. मी नसलो की तुमचं काय होनार?”

पुढची दहा मिनिटे दोघे मनसोक्त भांडले. त्या संध्याकाळी सुमनताईंनी कळवले, आकडा खाली आला, आणि गैरहजर कोंबडीही हजर झाली.

एकदा मी स्वतः एक अडचण रचली आणि तिचा मला अजून अभिमान वाटतो. एका परीक्षागृहात मागच्या बाकाखाली मांजर व्यायली आहे, काय करावे? साहेबांनी आधी बाकाचा क्रमांक विचारला. मी सुचेल तो सांगितला. मग म्हणाले, “त्या बाकावरच्या पोराला दुसरीकडं बसवा. मांजरीला हलवू नका. पोराला सांगून समजतं.” हे उत्तर ऐकून आमच्यातले कोणीच हसले नाही. परेरा बाई उगाच खिडकीबाहेर पाहू लागल्या. नसलेल्या मांजरीसाठी मला त्या दिवशी खरोखर भरून आले.

या काळात आमच्या विभागात आणखी एक गोष्ट घडली. सकाळी अकराला सगळे हसत. माझी पाठदुखी कमी झाली, परेरा बाईंच्या आम्लपित्ताच्या गोळ्या ड्रॉवरमध्ये तशाच राहिल्या. मूल्यांकन समितीला काय दाखवायचे, ते मात्र कोणाला कळेना. कर्मचाऱ्यांच्या स्वास्थ्यासाठी आम्ही आमच्या एका आजारी सहकाऱ्याशी दिवसातून दोनदा खोटे बोलतो, हे कोणत्या मथळ्याखाली लिहायचे?

आणि मग एका सकाळी, रतीब जायच्या आधीच, कल्याणच्या एका केंद्रावरून प्राचार्यांचा फोन आला.

“मॅडम, एक छोटीशी शंका होती.”

या खात्यात मुरलेल्या माणसाला ‘छोटीशी’ हा शब्द ऐकताच घाम फुटतो. आता प्रश्नपत्रिका गाडीने जात नाहीत. दिवसभराच्या सगळ्या सकाळीच संगणकावरून केंद्रांना पाठवल्या जातात, केंद्राने त्या ज्या त्या वेळी उघडून छापायच्या असतात. प्राचार्य म्हणाले, “अर्धा तास झाला, मुलं लिहितायत. आता एक मुलगी उठून म्हणते, सर, आज सकाळी अर्थशास्त्र आहे ना? मग हा पेपर अकाउंट्सचा का?”

“बाकीची मुलं?”

“लिहितायत. शांतपणे.”

“आणि पर्यवेक्षक?”

“त्यांना वाटलं, अभ्यासक्रम बदलला असेल.”

केंद्राने दुपारची प्रश्नपत्रिका सकाळी उघडली होती. म्हणजे दुपारी ज्या प्रश्नपत्रिकेवर सगळ्या केंद्रांतली हजारो मुले बसणार होती, ती एका वर्गभर मुलांनी वाचून, इतकेच नव्हे, तर थोडी सोडवूनही झाली होती. प्रत्येक विषयाचे जादा संच आम्ही काढून ठेवतो ते अशाच प्रसंगासाठी. पण ऐन वेळी संच बदलायचा तर कोणाची संमती आधी घ्यायची, कोणाला नंतर कळवायचे आणि कोणाला अजिबात कळू द्यायचे नाही, हे सगळे वर्षानुवर्षे म्हात्रे साहेबांनी हाताळलेले. आम्ही फक्त त्यांचा आवाज ऐकला होता.

माझा हात फोनकडे गेला. साहेबांचे नाव पडद्यावर आले. बोट खाली टेकायच्या आत परेरा बाईंनी आपला तळवा त्या पडद्यावर ठेवला. त्यांच्या हाताला नेहमी येतो तो लव्हेंडरचा मंद वास आला.

“नको,” त्या म्हणाल्या. “हे ऐकलं तर तो निघणार. निघाला तर पोचणार नाही.”

“आणि आपण चुकलो तर?”

“तर आपण चुकू. तो जिवंत राहील.”

मग आम्ही भिडलो. कल्याणच्या मुलांकडून ती प्रश्नपत्रिका गोळा करून त्यांना अर्थशास्त्राची दिली, गेलेला वेळ वाढवून दिला. परेरा बाईंनी प्रश्नपत्रिका मंडळाच्या अध्यक्षांना एका साखरपुड्यातून उठवले. पलीकडे सनई वाजत होती आणि अध्यक्ष ‘संच दोन, संच दोन’ असे ओरडून संमती देत होते. कुलसचिव सर दारात येऊन उभे राहिले, आमचे चेहरे पाहिले आणि काही न विचारता सगळ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या घेऊन आले. माणूस वाईट नव्हता. दुपारची घंटा झाली, केंद्राकेंद्रांतून ‘मिळाली’, ‘उघडली’, ‘वाटली’ असे निरोप येऊ लागले. शेवटचा निरोप आला तेव्हा माझ्या लक्षात आले, की मी सकाळपासून उभीच होते.

संध्याकाळी चहा आला. थंड होता, तरी त्याच्यासारखा चहा पुन्हा प्यायले नाही. तो पिता पिताच कोणीतरी म्हणाले, “आज साहेबांचा फोन राहिला.” सकाळचाही आणि संध्याकाळचाही. एवढ्यात माझा फोन वाजला. सुमनताई.

“मॅडम, आज फोन नाय आला.”

“कसे आहेत ते?”

“झोपलाय. दुपारचा जेवला आनि झोपला, अजून उठला नाय. मी दोनदा नाकाशी हात धरून बघून आली. उठवू काय?”

“आधी आकडा बघा.”

पट्टा बांधल्याचा, यंत्र कण्हल्याचा आवाज आला. त्या आवाजात मधेच एक भरघोस घोरणे. मग सुमनताईंनी आकडा सांगितला. डॉक्टरांना हवा होता तोच. मी फोन स्पीकरवर टाकला, आणि आम्ही सगळे, हातात चहाचे पेले घेऊन, आमच्या कक्ष अधिकाऱ्यांचे घोरणे ऐकत बसलो.

दुसऱ्या दिवशी अकराच्या आधी साहेबांनीच फोन लावला. मी तो स्पीकरवर घेतला.

“काल काय मोठं झालेलं, मॅडम?”

“काही नाही, साहेब. सगळं नेहमीसारखं.”

“बरं,” ते म्हणाले. “रोज तुमचा फोन यायचा ना, तवा मना काळजी वाटायची. म्हटलं, परीक्षा चालू असताना मांजरीसाठी फोन करायला ह्यांना टाइम कसा भेटतो? काम चालूय की बंद पडलंय? काल फोन आला नाय. म्हंजी कायतरी लागलंय. जेवनापर्यंत आला नाय, म्हंजी मना न इचारता निस्तरलात. मंग झोप लागली.”

परेरा बाई टेबलावर वाकून म्हणाल्या, “म्हणजे स्वेटरचं तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं?”

“बाई, ह्या उन्हाळ्यात ठाण्याला स्वेटर कोन विनतो?” ते हसले. “आनि ऐका. आता रोजचा फोन करू नका. झोपायचं असतं मना.”

फोन बंद झाला. टेबलाभोवतीची मंडळी एकेक करून आपापल्या जागी गेली. ज्याच्यासाठी रतीब घातला, त्याने दूध बंद केले, आणि भांडे घेऊन आम्हीच दारात उभे. परेरा बाईंच्या हातात त्या दिवसाची तयार अडचण होती. त्यांच्या मते आजवरची सर्वांत सुरेख. ती त्यांनी आम्हाला कधीच सांगितली नाही.

साहेब परतले तेव्हा थोडे वाळले होते आणि बरेच शांत झाले होते. दुपारी डबा झाला, की ते खुर्चीत मागे रेलून डोळे मिटत. आम्ही पंखा वाढवायचो आणि आवाज कमी करायचो. मूल्यांकन समिती आली, व्याख्यानाची छायाचित्रे पाहून गेली. त्या दिवशी साहेबांच्या टेबलाशी त्यांना आम्ही नेले नाही, कारण जेवणाची वेळ होऊन गेली होती.

त्यानंतर एका दुपारी त्यांच्या टेबलावरचा फोन वाजला. परेरा बाईंनी झडप घालून उचलला. कोणी प्राचार्य होते, आणि त्यांना म्हात्रे साहेबच हवे होते.

“साहेब कामात आहेत. मला सांगा.”

प्राचार्यांनी विचारले. उशिरा आलेल्या विद्यार्थ्याला किती वेळापर्यंत आत घ्यायचे, असा काहीतरी प्रश्न होता. परेरा बाईंनी ठसक्यात उत्तर दिले. ते चुकीचे होते. मला ठाऊक होते, आणि तेवढ्यात मला दिसले, की साहेबांनी एक डोळा उघडला आहे.

त्या डोळ्याने त्यांनी परेरा बाईंकडे पाहिले, फोनकडे पाहिले. ओठ किंचित हलले. मी पेन खाली ठेवून वाट पाहत राहिले.

मग त्यांनी तो डोळा सावकाश मिटून घेतला.